कॅश रोज जुळते, अभ्यास का जुळत नाही?

पत्राचा सारांश: मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी राहणारे ३४ वर्षांचे वाचक राष्ट्रीयीकृत बँकेत कॅशियर आहेत. शाखा तालुक्याला, एसटीने पाऊण तास. घरी आई, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या, चार पेपरांच्या जेएआयआयबी परीक्षेचा फॉर्म त्यांनी तीनदा भरला. एकदा दोन पेपर दिले, दोन्ही राहिले. पुढच्या दोन वेळा ते परीक्षेला गेलेच नाहीत. पहाटे पाचचा गजर लावतात आणि सव्वासातला उठतात. रात्री सव्वादहाला अंथरुणावर पडतात, पण मोबाइल खाली ठेवेपर्यंत पाऊण वाजतो. एका सोमवारी त्यांनी पाचला उठणं, योगासनं, चहा बंद, साखर बंद, मोबाइल बंद, दोन तास अभ्यास आणि रोजनिशी असे सात नियम एकदम सुरू केले. गुरुवारी सगळे मोडले. बरोबर लागलेला मित्र आता अधिकारी आहे. "कॅशमध्ये माझा कधी फरक नसतो. एकदा दहा रुपये जास्त निघाले तर साडेसातपर्यंत थांबून शोधले. पण स्वतःसाठी काही करायचं म्हटलं की मी मुळातच आळशी आहे. ही सवय कशी मोडू?"

सप्रेम नमस्कार.

दहा रुपयांसाठी साडेसातपर्यंत थांबणाऱ्या माणसाला आळशी म्हणायला मी तयार नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कॅश रोज का जुळते? तुमची इच्छाशक्ती दांडगी आहे म्हणून नाही. कंटाळा आला, डोकं दुखत असलं, घरी पाहुणे असले तरी ती जुळते, कारण 'आज जुळवू की उद्या' हा प्रश्न शाखेत कोणी विचारतच नाही. व्यवहाराची वेळ संपली की नोटा प्रकारानुसार मोजायच्या, शंभर-शंभर नोटांची बंडलं बांधायची, आकडा रजिस्टरमध्ये चढवायचा. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक तुमच्याकडे आणि एक ऑफिसरकडे. एकट्याने ती उघडत नाही आणि बंदही होत नाही. म्हणजे वेळ ठरलेली, जागा ठरलेली, काम कुठे संपतं ते ठरलेलं आणि शेजारी दुसरा माणूस. अभ्यासाच्या बाबतीत यातलं एकही नाही. तिथे रोज नव्याने ठरवावं लागतं, तेही दिवसभर नोटा मोजून थकलेल्या डोक्याने. अशा व्यवस्थेत कॅशही जुळली नसती.

तेव्हा स्वभाव बदलायचं काम तूर्त बाजूला ठेवा. बँकेतली व्यवस्था घरी कशी आणायची, तेवढंच पाहू.

आधी तो पाचचा गजर. पहाटे उठून केलेला अभ्यास डोक्यात राहतो, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण तुमचा हिशेब मांडून बघा. पाऊण वाजता झोपून पाचला उठायचं म्हणजे सव्वाचार तास. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. गजर बंद करणारा तुमचा हात शरीराच्या दृष्टीने शहाणपणाचंच वागतो आहे. वाईट एवढंच की पाच ते सव्वासात हे सव्वादोन तास ना झोपेचे, ना अभ्यासाचे. दर काही मिनिटांनी तुटणारी झोप विश्रांती देत नाही, आणि अपुऱ्या झोपेतून उठल्यावर डोक्यावरची गुंगी उतरायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. त्या गुंगीत पुस्तक उघडलंत तरी पान तेच राहील. आजपासून पाचचा गजर काढून टाका. सव्वासहाचा लावा, एकच. पावणेअकराला झोपलात तर साडेसात तास भरतात.

मग खरा प्रश्न उरतो सव्वादहा ते पाऊणचा, म्हणजे रोजच्या अडीच तासांचा. तुम्ही लिहिलंय, "मोबाइलचं व्यसन आहे." असेलही. पण तो हातात कसा येतो ते पाहा. पत्रात तुम्हीच सांगितलंय की नऊनंतर प्रादेशिक कार्यालयाच्या ग्रुपवर उद्याच्या उद्दिष्टांचे मेसेज येतात, ते बघायला फोन उघडता. मेसेज वाचायला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर बोट आपोआप रील्सवर जातं, कारण दिवसभर काउंटरवर लोकांचं ऐकून घेतल्यावर कोणी काही मागत नाही अशी ती पहिली वेळ असते. ही विश्रांतीची भूक खरी आहे. ती दाबायला जाल तर चौथ्या दिवशी उसळेल. तुमचा गुरुवार तसाच आला.

म्हणून फोन सोडू नका, त्याची वेळ आणि जागा बदला. ग्रुप म्यूट करा आणि साडेआठला, जेवायच्या आधी, एकदाच बघा. रात्री दहाला आलेल्या उद्दिष्टावर रात्री दहाला तुम्ही तसंही काही करू शकत नाही. रात्री अर्धा तास हवं ते बघा, पण बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर बसून. अंथरुणावर नाही. पाठ टेकलेली असली की वेळेचं भान सुटतं. खुर्चीवर मान अवघडते, आणि इथे अवघडलेली मान आपल्या बाजूची आहे.

टायमरबद्दल थोडं, कारण बरेच वाचक तिथे फसतात. अँड्रॉइड फोनच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये एखाद्या अ‍ॅपला रोजची मर्यादा घालता येते. ती संपली की अ‍ॅप बंद होतं. पण वापराची मोजणी मध्यरात्री पुन्हा शून्यावर येते. बाराला जागा असलेल्या माणसाला नवाकोरा कोटा मिळतो! शिवाय तो टायमर आपणच दोन टिचक्यांत काढू शकतो. ही झाली एका किल्लीची तिजोरी. त्यापेक्षा अ‍ॅप काढूनच टाका आणि बघायचं तेव्हा ब्राउझरमधून, पासवर्ड टाकून बघा. तेवढी खटपट पुष्कळ असते.

आणि चार्जर. उशीजवळच्या प्लगमधून काढून स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी लावा आणि टेपने चिकटवून टाका, नाहीतर तिसऱ्या दिवशी तो चालत परत येतो. गजरासाठी साधं सेलवरचं घड्याळ आणा. आईच्या तब्येतीमुळे फोन जवळ हवा, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, म्हणून फोन बंद करायचा नाही, रिंग मोठी ठेवायची. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये निवडक माणसांचे कॉल येऊ देण्याची सोय असते. घरची आणि डॉक्टरांची नावं त्यात घाला. पहिल्या तीन-चार रात्री हात उशीखाली चाचपडेल आणि झोप येणार नाही. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बाहेर बसा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, पेंग आली की परत या. रात्री साडेनऊचा चहा मात्र सोडा. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे त्या चहाचा अर्धा अंमल रात्री अडीचपर्यंत चालू असतो. संध्याकाळी बसस्टँडवरचा चहा हवा तर राहू दे; सगळंच काढून घेतलं तर तुम्ही मला पुन्हा पत्र लिहिणार नाही.

आता अभ्यास कधी. तीन जागा दिसतात. पहिली, सकाळी साडेसहा ते सव्वासात. चांगली आहे, पण झोप रुळल्यावर, म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून. दुसरी, शाखेतच कॅश बंद झाल्यावर अर्धा तास थांबणं. काहींना हे जमतं, कारण कामाचा जोर अंगात असतो. पण शाखेत मोकळा बसलेला माणूस फार वेळ मोकळा राहत नाही. "बसलाच आहात तर एवढी व्हाउचरं बघून द्या," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. तिसरी, जेवणानंतर सव्वानऊ ते पावणेदहा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी सुरुवातीला हीच घेईन. मोबाइलची अर्धा तास मजा त्यानंतर, पावणेदहा ते सव्वादहा. क्रम उलटा केलात तर अभ्यास होणार नाही, हे माझ्याकडून लिहून घ्या.

'रोज सव्वानऊला अभ्यास करीन' एवढा संकल्प पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात 'अमुक घडलं की मी तमुक करीन' अशा ठरावांचा अभ्यास केला. नुसत्या इच्छेपेक्षा असे ठराव जास्त पाळले जातात, कारण आठवण ठेवायचं काम प्रसंगच करतो. म्हणून घड्याळ सोडा, प्रसंग धरा. तुमचं वाक्य असं होऊ शकेल: "ओटा पुसून झाला की मी टेबलावर अभ्यासाला बसेन." ओटा तुम्ही पुसता की नाही ते पत्रात नाही. पुसत नसाल तर सुरू करायला हरकत नाही. पत्नीच्या मदतीची गरज पुढे लागणारच आहे. पुस्तक, वही आणि पेन सकाळीच टेबलावर ठेवून निघा, पान उघडं. पुस्तक कपाटात असेल तर ते काढायला उठावं लागतं, आणि उठलेला माणूस फोनकडे जातो.

पहिले दोन आठवडे फक्त पंचवीस मिनिटं. दोन तासांचा निश्चय करणारा माणूस दीड तासच मोकळा आहे असं दिसलं की तोही सोडून देतो. पंचवीस मिनिटांना असं कारण सापडत नाही.

त्या पंचवीस मिनिटांत काय करायचं, यावर पुष्कळ अवलंबून आहे. यूट्यूबवर १४० व्हिडिओ सेव्ह केलेत, दोन प्रकाशकांची पुस्तकं आणलीत, चार रंगांचे हायलायटर आहेत. हे सगळं अभ्यासासारखं वाटतं आणि समाधानही देतं, म्हणूनच ते घात करतं. वाचलेलं ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी एकच उतारा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र फिरलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. तुमचे दोन पेपर का राहिले, याचं निदान एवढ्यात होईल असं नाही, पण 'सगळं वाचलं होतं, तिथे आठवलंच नाही' ही तुमची तक्रार याच जातीची आहे.

म्हणून पंधरा मिनिटं दोन-तीन पानं वाचा, पुस्तक मिटा, उरलेल्या दहा मिनिटांत त्यावर पाच प्रश्न स्वतःच काढून एका कार्डावर लिहा, मागे उत्तरं. कार्ड शर्टाच्या खिशात. एसटीतल्या पाऊण तासात नवीन वाचायचं नाही; धक्क्यांत अक्षर हलतं आणि मळमळतं. फक्त कार्डं. प्रश्न बघायचा, खिडकीबाहेर पाहत उत्तर आठवायचं, मग उलटायचं. चुकलेलं कार्ड परवा पुन्हा, बरोबर आलेलं आठवड्याने. येताना झोप आली तर झोपा. जातानाचा प्रवास पुरेसा आहे.

सुरुवात 'बँकिंगची तत्त्वे आणि व्यवहार' या पेपरपासून करा. केवायसी, नॉमिनेशन, चेक, खात्यांचे प्रकार हे तुमच्या हाताखालून रोज जातं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात प्रश्न सुटू लागतील आणि हुरूप येईल. अकाउंटिंगचा पेपर शेवटी नको, दुसरा घ्या. त्यातली गणितं हातात बसायला वेळ खातात आणि ऐनवेळी बसत नाहीत. प्रत्येक पेपर दोन तासांचा, शंभर प्रश्नांचा. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पास व्हायला प्रत्येकी ५० गुण लागतात. एकाच वेळी चारही पेपर दिले आणि प्रत्येकात किमान ४५ मिळवून एकूण सरासरी ५० टक्के झाली, तरीही चालतं. पास झालेला पेपर ठरावीक मुदतीपर्यंत पुन्हा द्यावा लागत नाही. मुदत आणि संधींची संख्या परीक्षा घेणाऱ्या आयआयबीएफ या संस्थेच्या पत्रकात नीट वाचा आणि मगच चारही एकदम की दोन-दोन ते ठरवा. दोन-दोन सोपं वाटतं, पण घड्याळ चालूच असतं.

'सोमवारपासून' या शब्दाला माझी एक व्यावहारिक हरकत आहे. बँकेत सोमवारी गर्दी असते. एक तारखेला तर पेन्शनची रांग दारापर्यंत येते. नव्या सवयीचा पहिला दिवस तुम्ही नेमका कामाच्या सर्वांत जड दिवशी ठेवता आणि ती मोडली की स्वतःला दोष देता. महिन्याच्या ११-१२ तारखेचा, मधल्या वारातला दिवस निवडा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या सुट्टीत दोन तास सलग बसून सराव प्रश्नपत्रिका सोडवा, त्याहून जास्त नाही. मार्चअखेर जवळ असेल तर त्या दोन-तीन आठवड्यांत फक्त कार्डं चालू ठेवायची, असं आत्ताच ठरवून टाका. आधी ठरवलेली सूट आणि मोडलेला नियम यांत मनाच्या लेखी फार फरक असतो.

किती दिवसांत अंगवळणी पडेल? २१ दिवसांचं गणित विसरा. १९६० मध्ये मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने असं लिहिलं होतं की, रुग्णांना बदललेला चेहरा आपला वाटायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' हा शब्द गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या छोट्या सवयी १२ आठवडे पाहिल्या. सवय आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला अंदाजाने २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. गुरुवारी नियम मोडला म्हणजे सवय मोडली असं नसतं. शुक्रवारी बसलात तर ती चालू आहे.

आता थोडं नाजूक विचारतो. पत्राच्या शेवटच्या ओळींत तुम्ही मित्राबद्दल लिहिलंत: "तो अधिकारी झाला, आता ओडिशात आहे." आणि लगेच आईच्या गुडघ्यांबद्दल. परीक्षा दोनदा ऐनवेळी टाळण्यामागे मोबाइलपेक्षा हे तर नाही ना? पास झालो की पदोन्नती, पदोन्नती आली की बदली, मग आई आणि मुलीचं काय, असा विचार मनात चालू असेल तर मन अभ्यास पुढे ढकलणारच. त्याला आळस म्हणणं हा स्वतःवर अन्याय आहे. जेएआयआयबी पास झालं म्हणून कोणी बदली करत नाही. तिचा फायदा वेतनवाढीत मिळतो आणि सीएआयआयबी या पुढच्या परीक्षेची वाट उघडते. पदोन्नतीसाठी अर्ज करायचा की नाही, हा वेगळा निर्णय आहे, आणि तो मुलगी थोडी मोठी होईपर्यंत थांबूही शकतो. हे दोन प्रश्न पत्नीजवळ मोकळेपणाने बोलून वेगळे करा. लिपिकच राहायचं आणि संध्याकाळी साडेसातला घरी असायचं, असं तुम्ही विचार करून ठरवलंत, तर त्यातही काही कमी नाही. फक्त ते ठरवा; न ठरवता दर सहा महिन्यांनी फॉर्मची फी भरत राहू नका.

दुसरी किल्ली कोणाकडे द्यायची? तुम्ही मागच्या वेळी पूर्ण शाखेला सांगितलंत आणि नंतर टोमणे खाल्लेत. एकाच माणसाला सांगा. पत्नीला चौकीदार करू नका, "बसलास का अभ्यासाला?" या वाक्याने आठ दिवसांत भांडण होतं. तिच्याकडून फक्त सव्वानऊ ते पावणेदहा मुलीला झोपवण्याची जबाबदारी मागा, आणि बदल्यात सकाळी मुलीचं आवरणं तुम्ही घ्या. किल्लीसाठी परीक्षेला बसलेला एखादा सहकारी बरा. रोज रात्री त्याला लिहिलेल्या कार्डाचा फोटो पाठवायचा, त्याने त्याचा. शाबासकी नको, चर्चा नको.

पाळीत काम करणाऱ्या, किंवा घर आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या वाचकांना सव्वानऊची वेळ जमणार नाही. त्यांनी आपल्या दिवसातली न चुकणारी गोष्ट शोधावी, म्हणजे डबा भरणं, गणवेश बदलणं, देवापुढे दिवा लावणं, आणि पंचवीस मिनिटं तिच्या शेपटीला बांधावीत. तेवढीही सलग मिळत नसतील तर दहा चालतील. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप उडालेली असेल, किंवा सात तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल आणि रात्री मोठं घोरणं असेल, तर सवयींशी झगडत न बसता डॉक्टरांना भेटावं. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

शेवटी एक वही करा. तारीख, झोपायची वेळ, किती कार्डं लिहिली, असे तीनच रकाने. रोज झोपताना भरायची. एखादा दिवस चुकला तर रकाना कोरा राहू द्या. मागच्या तारखेने नोंद करायची नसते, हे कॅशियरला मी काय सांगणार.